नाताळची तयारी प्रार्थनेपासून: नव्याने सण पाळणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांत एक तक्रार ऐकू येते: सण मोठा झाला आणि प्रभू मागे पडला. दोष बहुधा बाजाराला दिला जातो. माझ्या मते बाजार इतका बलवान नाही. घरातून प्रार्थना कुणी बाहेर काढलेली नसते, तिच्यासाठी वेळ राखून ठेवलेला नसतो, एवढंच. कपडे, दिवे, पाहुणे, भेटवस्तू या सगळ्यांच्या याद्या असतात, तारखा ठरलेल्या असतात. प्रार्थनेच्या वाट्याला मात्र 'जमेल तसं' येतं, आणि सणाच्या गडबडीत ते जमत नाही.

नव्याने विश्वासात आलेले, लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या घरात नाताळ करणारे, बऱ्याच वर्षांनी पुन्हा चर्चकडे वळलेले, आणि मुलांना या सणाचा अर्थ कसा सांगावा या विचारात असलेले आईवडील, अशा सर्वांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं एकच आहे: आधी उपासनेची वेळ बांधून घ्या, मग बाकीचा सण तिच्याभोवती बसवा. झाड, रोषणाई, गाणी यातलं काहीच टाकून द्यायला नको. फक्त कशाला आधी जागा मिळते, ते बदलायचं आहे.

पहिली पायरी: कॅलेंडर समोर घ्या

कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि इतर अनेक मंडळ्यांमध्ये नाताळच्या आधी आगमनकाळ पाळतात. तो कधी सुरू होतो हे काढायची रीत सोपी आहे. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्यामुळे तयारीचे दिवस दर वर्षी सारखे नसतात; कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ मिळतात. नाताळ सोमवारी आला की आगमनकाळाचा चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी येतात. त्या वर्षी हाताशी सर्वांत कमी दिवस असतात, हे आधीच लक्षात घ्या.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ही तयारी ४० दिवसांच्या उपवासाची असते आणि तो १५ नोव्हेंबरला सुरू होतो. ज्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतात त्यांचा २५ डिसेंबर नेहमीच्या कॅलेंडरवर ७ जानेवारीला येतो. आर्मेनियन अपोस्टोलिक मंडळी तर ६ जानेवारीला प्रभूचा जन्म आणि बाप्तिस्मा एकत्रच साजरा करते. तुम्ही ज्या मंडळीत जाता तिच्या तारखा धरा आणि घरातल्या पद्धतीही त्यांच्याशी जुळवून घ्या. शेजारच्या चर्चचं बघून अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलं की पहिल्याच वर्षी गोंधळ होतो.

तारखेवरून एक प्रश्न नव्या माणसाला हमखास विचारला जातो: येशूचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला हे बायबलमध्ये कुठे आहे? कुठेच नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, दिवस दिलेला नाही, महिनाही नाही. रोममध्ये तयार झालेल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात हा दिवस ख्रिस्तजन्माचा म्हणून नोंदलेला सापडतो आणि ती नोंद ३३६ च्या सुमाराची मानली जाते. काही ख्रिस्ती मंडळ्या याच कारणाने नाताळ पाळत नाहीत, आणि त्यांच्याशी त्यावरून भांडायचं कारण नाही. जे पाळतात ते जन्म झाला म्हणून पाळतात, तारीख पटली म्हणून नव्हे.

आता पेन घ्या आणि कॅलेंडरवर चार गोष्टी लिहा. आगमनकाळाचे चारही रविवार. रोज संध्याकाळी घरातल्या प्रार्थनेची वेळ. २४ किंवा २५ तारखेची जी उपासना तुम्ही गाठणार आहात ती. आणि एक दिवस दुसऱ्या कुणासाठी. हे लिहून झाल्यावरच आमंत्रणांना होकार द्यायला सुरुवात करा. 'त्या संध्याकाळी आम्हाला चर्चला जायचंय, तासाभराने आलो तर चालेल का?' असं नोव्हेंबरात विचारलं तर कुणाला राग येत नाही. २४ तारखेला दुपारी विचारलं तर येतो.

दुसरी पायरी: कथा मुळातून वाचा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. नाताळची कथा आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांना देखावे, नाटुकली आणि शुभेच्छापत्रं यांतून गोळा झालेली कथा माहीत असते. मूळ मजकूर लहान आहे, फक्त चार अध्यायांचा: मत्तयकृत शुभवर्तमानाचे पहिले दोन आणि लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन. मार्कमध्ये जन्मकथाच नाही. योहान गव्हाण, मेंढपाळ यांतलं काही न सांगता थेट म्हणतो की शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.

मत्तय आणि लूक वेगवेगळ्या बैठकींत वाचा, लगेच एकत्र कालवू नका. लूककडे नावनिशी, म्हणजे जनगणना आहे, बेथलेहेमचा प्रवास आहे, उतारशाळेत न मिळालेली जागा आहे, गव्हाण आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. गब्रीएल देवदूत मरीयेकडे येतो तोही लूकमध्ये. मत्तयाकडे योसेफाची घालमेल आहे, त्याला पडलेली स्वप्नं आहेत, तारा आहे, पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक आहेत, हेरोद राजा आहे आणि मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळून जाणं आहे. एकाने मरीयेच्या बाजूने सांगितलं आहे, दुसऱ्याने योसेफाच्या. आणि त्या योसेफाच्या तोंडचा एक शब्दही चारही शुभवर्तमानांत नाही. तो ऐकतो, उठतो आणि सांगितलेलं करतो. ज्यांना मोठमोठ्याने प्रार्थना म्हणता येत नाही, त्यांनी या माणसाकडे जरूर पाहावं.

वाचताना एक सोपा सराव करा, मुलांना तो फार आवडतो. तुमच्या मनात जी कथा आहे ती आधी कागदावर लिहून काढा आणि मग मजकुराशी ताडून बघा. मागी तीन होते असं मत्तय म्हणत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या भेटी तीन आहेत. ते गव्हाणीपाशी आले असंही तो म्हणत नाही, ते 'घरात' गेले. मरीया गाढवावर बसून गेली, धर्मशाळेच्या मालकाने दार लावून घेतलं, यातलं काहीच मजकुरात नाही. देखाव्यातले बैल आणि गाढवही जन्मकथेत नाहीत. जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतं असं म्हटलं आहे, तिथून ख्रिस्ती परंपरेने ते आणले. यामुळे देखावा खोटा ठरत नाही. पण मजकूर इतका बारकाईने वाचला की जे खरोखर लिहिलेलं आहे ते पहिल्यांदा नीट दिसतं.

उदाहरणार्थ, मत्तयाची वंशावळ. नवे वाचक ती गाळून पुढे जातात, कारण नुसती नावं आहेत. मी म्हणेन, गाळू नका. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. राहाब यरीहोची, रूथ मवाबी, म्हणजे बाहेरच्याच. चौघींचीही आयुष्यं सरळ रेषेत गेलेली नाहीत. तारणाऱ्याच्या घराण्याची ओळख करून देताना मत्तयाने त्यांना झाकलं नाही. स्वतःच्या भूतकाळाची लाज वाटून चर्चच्या दाराशी घुटमळणाऱ्या माणसाला याहून दिलासा देणारी सुरुवात मला माहीत नाही.

वाचनाचं वेळापत्रक हवं असेल तर दोन पर्याय देतो. पहिला असा: लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ तारखेला पुस्तक पूर्ण होतं. जन्म दुसऱ्याच दिवशी येऊन जातो आणि नाताळच्या पूर्वसंध्येला तुम्ही पुनरुत्थानाच्या अध्यायावर असता. हे विचित्र वाटलं तरी मला फार मोलाचं वाटतं. गव्हाणीतलं बाळ पुढे कोण झालं, हे ठाऊक असताना त्याचा जन्म साजरा होतो. दुसरा पर्याय ज्यांना रोज एवढं वाचणं झेपणार नाही त्यांच्यासाठी. आठवड्याला एकच उतारा घ्या आणि तोच रोज वाचा. पहिल्या आठवड्यात यशया ९:२-७, दुसऱ्यात यशया ४०:१-५, तिसऱ्यात फिलिप्पैकरांस पत्र ४:४-७, चौथ्यात लूक १:२६-५५. सात दिवस तोच उतारा वाचला की तो जवळजवळ पाठ होतो, आणि पाठ झालेलं वचन आजारपणात, प्रवासात, रात्री झोप लागत नाही तेव्हा कामाला येतं.

मोठ्याने वाचा, एकटे असलात तरी.

तिसरी पायरी: संध्याकाळची दहा मिनिटं

घरातली प्रार्थना लांबवू नका. पहिल्या दिवशी उत्साहाने अर्धा तास आणि चौथ्या दिवशी काहीच नाही, यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी बरी. वेळ ठरलेली असावी आणि ती एखाद्या रोजच्या कामाला जोडलेली असावी, म्हणजे जेवणाआधी किंवा मुलं झोपण्याआधी.

आगमनकाळाचं मेणबत्त्यांचं वलय यासाठी छान साधन आहे. योहान हिन्‍रिख विखर्न नावाचे लुथरन पाळक हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. नाताळ कधी येणार असं मुलं सारखी विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटायची आणि उरलेले दिवस मुलांना डोळ्यांनी मोजता यायचे. पुढे घरोघरी चार मेणबत्त्यांचं हिरवं वलय रूढ झालं. अनेक ठिकाणी तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण तो रविवार आनंदाचा मानतात. काही मंडळ्या चारही लाल किंवा निळ्या वापरतात. मध्यभागी पाचवी पांढरी मेणबत्ती ठेवली तर ती ख्रिस्ताची, आणि ती २४ च्या रात्री किंवा २५ ला पेटवायची. रंग मिळाले नाहीत तर साध्या चार मेणबत्त्या चालतात. वलय घेतलं नाही म्हणून प्रार्थना थांबवू नका.

क्रम असा ठेवा. घरातला मोठा दिवा मालवा. एकाने मेणबत्ती लावावी, आणि हे काम दर रविवारी वेगळ्याकडे जावं. दुसऱ्याने त्या दिवसाचा उतारा वाचावा. मग थोडं गप्प बसा. ही शांतता पहिल्या दिवशी अवघड जाते, मुलं हसतात, कुणी खोकतं; तरी सोडू नका. नंतर प्रत्येकाने एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी एक वाक्य प्रार्थना करावी. शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि एक गीत गायचं. गाणं येत नसेल तर नुसती प्रार्थना पुरे. लहान मुलं असतील तर मेणबत्ती त्यांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा, पडद्यांपासून दूर, आणि प्रार्थना संपली की विझवूनच उठा.

एकट्याने राहणाऱ्यांनी ही पायरी आपली नाही असं समजू नये. एकट्याने मेणबत्ती लावली तरी उतारा तोच असतो आणि त्याच संध्याकाळी जगभर असंख्य घरांत तो वाचला जात असतो. हवं तर मंडळीतल्या कुणाला फोन लावून दोघांनी मिळून वाचा.

चौथी पायरी: गव्हाणीचा देखावा, पण सावकाश

१२२३ च्या नाताळात असीसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावाजवळ चाऱ्याने भरलेली गव्हाण मांडली आणि खराखुरा बैल आणि गाढव आणून उभे केले. तिथेच मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, अर्पण झाली आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गायलं. बाळाला किती अडचण सोसावी लागली ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती, असं त्याचा पहिला चरित्रकार सांगतो.

घरात देखावा मांडताना हाच हेतू समोर ठेवा. सगळ्या मूर्ती एकाच दिवशी मांडून टाकू नका. आधी रिकामी गव्हाण आणि प्राणी. मग प्रवासातले मरीया आणि योसेफ, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रोज थोडं पुढे. बाळ २४ च्या रात्री ठेवायचं, आणि ते घरातल्या सर्वांत लहानाने ठेवायचं. मागी नाताळलाही पोहोचलेले नसावेत. ते ६ जानेवारीला पोहोचतात. चार आठवडे गव्हाण रिकामी दिसली की मूल स्वतःहून विचारतं, बाळ कधी येणार? हा प्रश्न त्याच्या तोंडून आला की समजावून सांगणं सोपं होतं. चांगलं केलं तर गव्हाणीत एक काडी टाकायची, असा खेळही मुलांबरोबर खेळता येतो, पण त्यात गुण आणि शिक्षा आणू नका. बाळाची गादी मऊ करायची, एवढंच सांगा.

पाचवी पायरी: खर्च आणि भेटी

लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक तपशील पटकन नजरेतून निसटतो. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं अर्पण करण्याचा नियम पाळला. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ही सवलत कुणासाठी आहे ते स्पष्ट लिहिलं आहे: जिला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी. म्हणजे पहिल्या नाताळच्या घरात पैसा नव्हता. तेव्हा कर्ज काढून केलेला नाताळ त्या बाळाच्या घराला शोभत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

डिसेंबरच्या आधी घरात बसून आकडा ठरवा आणि त्यातला गरजूंसाठीचा भाग सर्वांत आधी बाजूला काढा. शेवटी उरलं तर देऊ, असं म्हटलं की उरत नाही. मुलांनाही त्यात घ्या. त्यांच्या हातून द्या आणि कुणाला का देतोय ते सांगा, मात्र घेणाऱ्याचा फोटो काढू नका. गरजू कुटुंबाला काय हवं आहे ते विचारून द्या. आपल्याला नको झालेलं देणं म्हणजे घर आवरणं, दान नव्हे. कुणाला पैशांपेक्षा सोबत हवी असते. रुग्णालयात, वृद्धाश्रमात, एकट्या पडलेल्या शेजाऱ्याकडे जाऊन तासभर बसणं हीसुद्धा भेटच आहे. कॅलेंडरवर तुम्ही जो एक दिवस लिहिला आहे तो यासाठी.

सांताक्लॉजचं काय करायचं, असं तरुण आईवडील नेहमी विचारतात. त्याला घराबाहेर हाकलायची गरज मला वाटत नाही, पण त्याच्यामागचा खरा माणूस मुलांना जरूर भेटवा. निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. परंपरा सांगते की तीन मुलींच्या गरीब बापाच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, त्याचं नाव कुणाला कळू नये म्हणून. ६ डिसेंबरला ही गोष्ट सांगा आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने कुणाला तरी न सांगता मदत करावी, असं ठरवा. मुलांना असं गुपित सांभाळायला फार आवडतं.

सहावी पायरी: मनातलं आवरणं

घर झाडून होतं आणि मन तसंच राहतं. आगमनकाळात चर्चमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे उतारे वाचले जातात, आणि त्याची हाक पश्चात्तापाची आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत याच दिवसांत पापकबुलीला जातात. कॅथलिक असाल तर शेवटच्या आठवड्यात रांग लागते, म्हणून आधी जा. तुमच्या मंडळीत हा संस्कार नसेल तर एका संध्याकाळी एकटे बसा आणि देवापुढे स्पष्ट शब्दांत बोला. मोघम 'आमच्या चुका माफ कर' म्हणण्यापेक्षा नाव घेऊन बोला.

आणि एक अवघड काम याच दिवसांत करा. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशूने सांगितलं आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ते आहे. ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा एका माणसाला नाताळच्या आधी फोन करा. वाद मिटेलच असं नाही, समोरून थंड उत्तर येऊ शकतं. तरी फोन करा. जिथे छळ किंवा हिंसा झाली आहे तिथे मात्र हे लागू करू नका; तिथे आधी स्वतःचं रक्षण, आणि पाळकांशी किंवा जाणत्या माणसाशी बोलणं.

सातवी पायरी: २४ ची रात्र आणि २५ चा दिवस

उपासना आधी, मेजवानी नंतर. हे ठरलं की बाकीची वेळ आपोआप जुळते. स्वयंपाक करणाऱ्यांना चर्चला जाता येईल असा बेत ठेवा. घरातल्या बायका चुलीपाशी आणि बाकीचे चर्चमध्ये, हा नाताळ नव्हे. जे आदल्या दिवशी करून ठेवता येतं ते करून ठेवा आणि कामं वाटून घ्या.

कॅथलिक चर्चमध्ये नाताळच्या मिस्सा चार वेळांच्या असतात आणि प्रत्येकीचं शुभवर्तमान वेगळं. पूर्वसंध्येला मत्तयाची वंशावळ आणि योसेफाचं स्वप्न, रात्री लूकमधला जन्म, पहाटे मेंढपाळ गव्हाणीपाशी येतात तो भाग आणि दिवसा योहानाचा पहिला अध्याय. दिवसाच्या मिस्सेला गेलेल्या नव्या माणसाला गव्हाणीची गोष्ट ऐकायलाच मिळत नाही आणि तो बुचकळ्यात पडतो. म्हणून कुठल्या उपासनेला जायचं ते बघून ठरवा. लहान मुलं असतील तर संध्याकाळची किंवा सकाळची बरी. पेंगुळलेल्या मुलाला मध्यरात्री ओढत नेऊन कुणाचंच भलं होत नाही.

त्या रात्री चर्च भरलेलं असतं, तेव्हा लवकर पोहोचा. कधी उठायचं आणि कधी बसायचं ते माहीत नसेल तर पुढे बसलेल्यांकडे बघा, कुणी हसत नाही. प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याबद्दल, मात्र आधी विचारून घ्या. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये ते सामान्यतः त्यांच्याच विश्वासू सभासदांना दिलं जातं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या इतर मंडळ्यांच्या बाप्तिस्मा झालेल्यांनाही बोलावतात. घेता येत नसेल तर जागेवर बसून प्रार्थना करण्यात कमीपणा नाही.

घरी आल्यावर, भेटी उघडण्याआधी, लूक २:१-२० मोठ्याने वाचा. हे सगळ्यांनी मिळून केलेलं असावं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या, नाहीतर नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलाकडून. अडखळलं तरी चालेल.

ज्या घरात सगळेच विश्वासी नाहीत तिथे जबरदस्ती करू नका. 'आम्ही पाच मिनिटं वाचणार आहोत, बसायचं असेल तर बसा' एवढं प्रेमाने म्हणा. सणाच्या दिवशी धर्मावरून वाद काढणारा माणूस कुणाला प्रभूकडे आणत नाही. आणि ज्यांना त्या दिवशी कामावर जावं लागतं, म्हणजे परिचारिका, पोलीस, चालक, सुरक्षारक्षक, त्यांनी जमेल ती उपासना गाठावी आणि घरातला नाताळ दुसऱ्या दिवशी करावा. मेंढपाळही त्या रात्री कामावरच होते.

ज्यांच्या घरात यंदा दुःख आहे

कुणाच्या घरात एक जागा रिकामी असते, कुणी आजारी असतं, कुणाचं लग्न मोडलेलं असतं. अशा घरात आनंदाची सक्ती जड होते. तुम्हाला सजावट करायची नसेल तर करू नका. पण मजकुराकडे जा, कारण त्यात दुःखाला जागा आहे. मत्तय जन्मकथेतच बेथलेहेमच्या मारल्या गेलेल्या मुलांबद्दल लिहितो आणि सांत्वन नाकारून रडणाऱ्या राहेलीचं वचन देतो. मंदिरात म्हातारा शिमोन मरीयेला सांगतो की तिच्या जिवातून तलवार भोसकून जाईल, आणि तेव्हा बाळ अजून तान्हं असतं. काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास शोकात असलेल्यांसाठी वेगळी, शांत उपासना ठेवतात. तुमच्या जवळपास आहे का ते विचारा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एक मेणबत्ती लावा. आणि तुमच्या ओळखीचं असं घर असेल तर शुभेच्छापत्रावर भागवू नका, जाऊन या.

आठवी पायरी: २६ ला सण आवरू नका

इथे सर्वांत जास्त गळती होते. महिनाभर गाणी लावलेली असतात आणि २६ ला सगळं उतरवलेलं असतं. खरं तर नाताळ २५ ला सुरू होतो. पुढचा प्रत्येक दिवस थोडं काही सांगतो. २६ डिसेंबरला पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी प्राण देणारा, स्तेफन. दगडमार चालू असताना त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. प्रेषितांच्या कृत्यांचा सातवा अध्याय वाचा. २७ ला प्रेषित योहान. २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालकं. त्या दिवशी युद्धात आणि उपासमारीत सापडलेल्या मुलांसाठी प्रार्थना करा. १ जानेवारी हा जन्मानंतरचा आठवा दिवस, बाळाची सुंता होऊन येशू हे नाव ठेवलं गेलं तो. ६ जानेवारीला मागी पोहोचतात, काही ठिकाणी हा सण जवळच्या रविवारी करतात. २ फेब्रुवारीला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, मंदिरातलं अर्पण आणि शिमोनाचं गीत.

यातलं सगळं पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका. संध्याकाळची दहा मिनिटं ६ जानेवारीपर्यंत चालू ठेवा, एवढं पुरे. घाईत राहून गेलेल्या भेटी या दिवसांत द्या, एकमेकांकडे जा, गाणी म्हणा. सुट्टीवर असलेल्यांना तर हेच दिवस सर्वांत मोकळे मिळतात.

जानेवारीत देखावा उतरवताना वहीत लिहून ठेवा: कोणती वेळ जमली, कोणता उतारा मुलांना कळला, कुठे दमछाक झाली. पुढच्या वर्षी वलय न लावता फक्त वाचन ठेवावं असंही तुम्हाला वाटेल, आणि ते योग्यच असेल.

हा लेख तुमच्या हाती २३ डिसेंबरला पडला असेल, काहीच तयारी झालेली नसेल आणि घरभर पसारा असेल, तर बाकीच्या पायऱ्या पुढच्या वर्षीसाठी ठेवा. आज फक्त चर्चला फोन करून उपासनेची वेळ विचारा. आणि २४ ला रात्री लूकचा दुसरा अध्याय काढा, पहिली वीस वचनं वाचा. चार-पाच मिनिटं लागतात.